‘किंवा’ या शब्दात लपलेली पळवाट : मद्यपी चालकांना जरब बसणार कधी?



गोव्यात वर्षाकाठी अडीचशे ते तीनशेच्या आसपास माणसे रस्त्यावर प्राण सोडतात. जेमतेम पंधरा लाख वस्तीच्या या चिमुकल्या राज्यात आठवड्याला सरासरी पाच प्रेते! एखाद्या रोगाने आठवड्याला पाच बळी घेतले असते तर आरोग्यमंत्र्यांना पळता भुई थोडी झाली असती. रस्त्यावरच्या बळींसाठी मात्र दोन ओळींचा शोकसंदेश पुरतो. त्यानंतर येरे माझ्या मागल्या.

आता कोणी म्हणेल, यातले सगळे काही दारूमुळे मरत नाहीत. कबूल. खड्डे आहेत, अतिवेग आहे, हेल्मेट न घालण्याचा आडमुठेपणा आहे. परंतु खड्डा जाणूनबुजून कोणाच्या अंगावर धावून येत नाही. दारू पिऊन स्टीअरिंगवर बसणारा माणूस आपण काय करतो आहोत हे पहिला पेग भरताना पुरते जाणून असतो. म्हणूनच त्याचा गुन्हा वेगळा आहे आणि त्याची शिक्षाही वेगळी असली पाहिजे. ती आज आहे का? नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाणस्तारी, वेर्णा आणि वांद्रे

६ ऑगस्ट २०२३. रविवारची संध्याकाळ. बाणस्तारी पुलावर एका भरधाव मर्सिडीज गाडीने समोरून येणारी वाहने उडवली. तिघे ठार झाले. त्यांत दिवाडी बेटावरचे एक जोडपे होते. चालक दारू प्यायलेला होता असा पोलिसांचा आरोप. आणि पुढे वाद कशावर? तर गाडी नेमके कोण चालवत होते यावर! न्याय मिळेल याची खात्री नसल्याने गावकऱ्यांना पोलीस ठाण्यावर धडक द्यावी लागली. मेलेल्यांचे सुतक पाळायचे की ठाण्यासमोर उभे राहून तपासावर पहारा द्यायचा, अशी वेळ गरिबाच्या घरावर यावी यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

२५ मे २०२४. वेर्णा औद्योगिक वसाहतीत रात्री एक बस रस्त्याकडेच्या मजुरांच्या झोपड्यांवर गेली. चार मजूर झोपेतच गेले. बिहारमधून पोटासाठी आलेली माणसे. इथेही चालक नशेत असल्याचा आरोप. पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मेच्या पहाटे पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते चिरडले गेले, त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. पुण्याच्या प्रकरणावर देशभर रान उठले. वेर्ण्याच्या मजुरांसाठी कोण रडले?

आणि हे आजचे नाही. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात ठार झाले. चालकाच्या रक्तात १०० मिलिलीटरमागे ११२ मिलिग्रॅम मद्य सापडले, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सत्र न्यायालयाने शिक्षा किती दिली? सहा महिने! सात जिवांसाठी सहा महिने! लोकांचा संताप झाला, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सात माणसे मारल्याबद्दल तीन वर्षे, हीदेखील ‘वाढवलेली’ शिक्षा!

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद ‘किंवा’ दहा हजार रुपये दंड ‘किंवा’ दोन्ही. दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद ‘किंवा’ पंधरा हजार दंड ‘किंवा’ दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांपर्यंतच होता. तो पाचपट झाला म्हणून दिल्लीत पाठ थोपटून घेतली गेली. पण वाचकहो, त्या ‘किंवा’कडे नीट पाहा. किमान कैद एका दिवसाचीही नाही. ज्याच्या खिशात दहा हजार आहेत त्याच्यासाठी हा कायदा म्हणजे टोलनाका. पैसे भरा, पुढे चला. कळंगुटच्या एखाद्या बड्या क्लबात एका टेबलाचे बिल याहून मोठे होते! आणि ज्याच्याकडे दहा हजार नाहीत, त्या स्कूटरवरच्या पोराच्या घरात मात्र महिन्याची चूल विझते. एकाच दंडाने एकाला ओरखडाही नाही आणि दुसऱ्याचे कंबरडे मोडते.

माणूस मेला तर? जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जास्तीत जास्त दोन वर्षे, तीही जामीनपात्र. या शिक्षेचा पुनर्विचार करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायदे करणाऱ्यांना सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६(१) खाली ती मर्यादा पाच वर्षे झाली. पण गुन्हा जामीनपात्रच राहिला, आणि किमान शिक्षा याही वेळी ठेवली नाही. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे १०६(२) हे पोटकलम तर जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर बासनात गेले. बाकी संहिता लागू करताना तेवढेच वगळण्यात आले. दात काढलेला वाघ पिंजऱ्यात ठेवायचा आणि जनतेला म्हणायचे, बघा, आम्ही वाघ पाळला आहे!

सदोष मनुष्यवधाचे कलम आहे, त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे खरे. पण ते लावायचे की नाही हे पोलिसांच्या मनावर, आणि ते न्यायालयात टिकणे पुराव्यावर. पुरावा म्हणजे रक्ताचा नमुना. पुण्यात काय झाले ते जगाने पाहिले. नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. आणि अल्पवयीन आरोपीला आधी जामीन मिळाला तो तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर! दोन तरण्याताठ्या जिवांची किंमत एक निबंध! शाळेत गृहपाठ न केल्याबद्दल याहून कडक शिक्षा आम्ही भोगली आहे.

‘कायदे पुरेसे आहेत’ म्हणणाऱ्यांना

आमच्या मागणीला विरोध करणारे तीन मुद्दे नेहमी मांडतात. त्यांना उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा : ‘शिक्षा वाढवून उपयोग नाही, अंमलबजावणी करा.’ यात तथ्य आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. नाताळ-नववर्षाच्या आठवड्यात अल्कोमीटर बाहेर काढायचा आणि उरलेले वर्षभर हेल्मेट नसलेल्या गरीब दुचाकीवाल्याला तालांव देत बसायचे, याला अंमलबजावणी म्हणत नाहीत. देशात २०२२ साली १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली. सरकारी अहवालात त्यांतील दोन-तीन टक्केच मृत्यू नशेच्या खात्यावर आहेत, बाकी बहुतेक ‘अतिवेगा’च्या. जिथे रक्त वेळेवर तपासलेच जात नाही तिथे दारू कागदावर येणार कशी? कलम १८५ खाली पकडलेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत झाली नाही तर त्याला सोडून द्यावे लागते, असे हाच कायदा सांगतो. आता रात्री एक वाजता सत्तरीच्या किंवा काणकोणच्या कोपऱ्यातून माणूस धरला, गाडी मिळवली, डॉक्टर गाठला, तोवर घड्याळ कोणाच्या बाजूने धावते?

पण अंमलबजावणी हवी म्हणून शिक्षा नको, हा तर्क कुठला? पोलिसाने जिवावर उदार होऊन माणूस पकडायचा आणि सकाळी तो दहा हजार टाकून मिशीला पीळ देत बाहेर पडायचा! पकडणाऱ्यालाही मग वाटते, कशाला तसदी घ्या? शिक्षा पोकळ असेल तर अंमलबजावणीही पोकळच होते.

दुसरा मुद्दा : ‘पर्यटन बुडेल.’ वा रे वा! काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे मिरवणारी भाड्याची गाडी घेऊन, एका हातात बिअरची बाटली धरून आमच्या गावांतून सुसाट जाणारा पाहुणा म्हणजे पर्यटन? तो गेला तर गोवा बुडणार नाही, वाचेल. दारू प्या, ज्याची त्याची मर्जी. आम्ही दारूबंदीवाले नव्हे. पिऊन गाडी चालवू नका, एवढेच मागणे आहे. आणि गंमत पाहा. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. छोट्या वस्तीच्या गावांसाठी पुढे हे अंतर २२० मीटर झाले. तेव्हा आमच्या राज्यकर्त्यांना कोणाची काळजी लागली? परवानेधारकांची! पालिका क्षेत्रे वगळली गेली, मग पंचायत क्षेत्रांचा निर्णय राज्यांवर सोडला गेला, आणि गाडे पुन्हा मूळ पदावर आले. हीच तत्परता बळींच्या बायकामुलांसाठी कधी दिसली का? अबकारीच्या उत्पन्नावर तिजोरी भरायची आणि त्याच दारूने मेलेल्याच्या घरी हार घेऊन जायचे, हा दुटप्पीपणा आता पुरे.

तिसरा मुद्दा : ‘रात्री बस नाही, माणूस घरी जाणार कसा?’ हा प्रश्न खरा आहे आणि तो सरकारला विचारलाच पाहिजे. रात्र झाली की गावाकडची बस मिळणे कठीण, टॅक्सीचे भाडे परवडत नाही, ॲपवरच्या टॅक्सीला विरोध. हा घोळ राज्यकर्त्यांनीच घातला आहे. पण बस नाही म्हणून दुसऱ्याच्या लेकराला चिरडण्याचा परवाना मिळत नाही. २०१९ मध्येही ‘आधी रस्ते नीट करा, मग दंड वाढवा’ अशी ओरड झाली आणि राज्य सरकारने वाढीव दंडाची अंमलबजावणी पुढे ढकलली होती. खड्डे बुजवणे हे सरकारचे काम आणि शुद्धीत गाडी चालवणे हे आपले. एकाने कामचुकारपणा केला म्हणून दुसऱ्याला सूट नाही.

आमच्या मागण्या

मोटार वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्य आपल्यापुरती दुरुस्ती करू शकते. तेव्हा ‘हा केंद्राचा कायदा, आमच्या हातात काही नाही’ ही सबब कोणा आमदाराने सांगू नये. आमचे म्हणणे असे :

१. कलम १८५ मधील ‘किंवा’ काढा. पहिल्याच गुन्ह्याला थोडी का होईना, सक्तीची कैद ठेवा. तीन दिवस कोलवाळच्या तुरुंगात काढले की तीन लाखांच्या दंडाने येत नाही ती अक्कल येते.

२. दोषी ठरल्यावर किमान सहा महिने परवाना बंद, ही तरतूद कलम २० मध्ये आहेच. पण खटला संपेपर्यंत वर्षे जातात. चाचणीत मर्यादा ओलांडलेली दिसताच परवाना जागेवर जप्त व्हावा. दुसऱ्यांदा सापडला तर तो आयुष्यात परत मिळू नये.

३. नशेत मृत्यू घडवल्यास स्वतंत्र, अजामीनपात्र कलम आणि किमान शिक्षा हवी. कलम कोणते लावायचे हे ठाणेदाराच्या मर्जीवर नको.

४. रक्ताचे दोन नमुने, दोन वेगळ्या प्रयोगशाळांत. प्रत्येक तालुक्याच्या आरोग्य केंद्रात रात्रपाळीला डॉक्टर.

५. मद्यपान करून गाडी चालवण्यास साहाय्य करणाराही तितकाच दोषी, असे कलम १८८ सांगते. झोकांड्या खाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली देणाऱ्या बारमालकावर आणि भाड्याची गाडी देणाऱ्यावर हे कलम लावून दाखवा.

आणि आपण?

सगळे खापर सरकारवर फोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्याच लग्नांत मांडवामागे टेबले लागतात, आणि वऱ्हाडाच्या गाडीचा चालकही तिथेच असतो. जत्रेहून, शिगम्याच्या मिरवणुकीहून परतणारी पोरे कोणत्या अवस्थेत मोटारसायकल हाणतात हे आपण पाहतो आणि ‘वय आहे’ म्हणून हसतो. एखादा पकडला गेला की पहिला फोन पंचाला, दुसरा आमदाराला. ‘आमचा माणूस आहे, सोडा’ हा फोन जो करतो, तो पुढच्या अपघाताचा भागीदार आहे. मग तो कितीही मोठा समाजसेवक असो.

म्हणून प्रत्येक सभासदाला विनंती. येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. आपल्या आमदाराला पत्र लिहा आणि लेखी उत्तर मागा. मते मागायला दारात येतील तेव्हा एकच प्रश्न विचारा : पकडलेल्या मद्यपी चालकाला सोडवण्यासाठी आपण कधी ठाण्यात फोन केला होता का? उत्तर देताना जो चाचरेल, त्याला आपले मत देऊ नका.