वेळ सोडवून घ्यावा लागतो

फौजेत वेळेचे दोन नियम असतात. पहिला उस्ताद शिकवतात: सहाचा फॉलिन म्हणजे पावणेसहाला मैदानात. दुसरा कोणी शिकवत नाही, आपोआप कळतो: पावणेसहाला पोहोचून साडेसहापर्यंत उभं राहायचं. त्यामुळे वेळ पाळणं आणि वेळ सार्थकी लावणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे जवानाला लवकर उमगतं.

मी नगरचा, ख्रिस्ती घरातला. आमच्या शहरात एकीकडे आर्मर्ड कोअरचं सेंटर, दुसरीकडे अमेरिकन मराठी मिशनच्या काळातली चर्चं. दोन्हीकडून एकच शिकवण: वेळ वाया घालवू नका. शिकवण चांगली आहे, पण अपुरी आहे. सध्या बेंगळुरूला पोस्टिंग आहे, रविवारी जमेल तेव्हा व्हाइटफील्डला जातो. तिथे हे मत जास्तच पक्कं झालं.

व्हाइटफील्डची गोष्ट मजेशीर आहे. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी अँग्लो-इंडियन लोकांना शेतीवसाहतीसाठी ३,९०० एकर जमीन दिली. डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून गावाचं नाव पडलं. पुढे शंभर वर्षं हे बागाबंगल्यांचं संथ गाव राहिलं. १९९० च्या दशकात आयटी पार्क आले आणि सगळं बदललं. मार्च २०२३ मध्ये मेट्रोही पोहोचली. आता तिथे निवांत चालणारा माणूस दिसला तर तो वाट चुकला असावा असं वाटतं! तिथे कोणी वेळ वाया घालवत नाही. तरी ज्याला विचाराल तो म्हणतो, वेळ नाही.

माझे एक जुने उस्ताद तिथल्या एका मोठ्या इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. मूळचे सोलापूरचे. बारा तासांची ड्यूटी. मी विचारलं, "उस्ताद, सुट्टी कधी असते?"

ते हसले. "सुट्टी घेतली की पगार कापतात. अरे, फौजेत निदान वार्षिक सुट्टी होती. इथे रविवार काय नि सोमवार काय!"

"मग पेन्शन?"

"पेन्शनमध्ये घर चालतं रे. पोरीची इंजिनिअरिंगची फी नाही भागत."

माझ्याकडे यावर उपदेश नव्हता, आजही नाही. मुलीच्या शिक्षणासाठी बारा तास उभा राहणारा बाप वेळ वाया घालवतोय असं म्हणण्याची कोणाची छाती आहे? प्रश्न वेगळा आहे आणि तो त्यांना विचारायचा नाही.

इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल वेळेबद्दल जे क्रियापद वापरतो, त्याचा मूळ ग्रीक अर्थ बाजारातून विकत घेऊन सोडवणं असा होतो. म्हणजे वेळ कोणाच्या तरी ताब्यात गेलेला असतो आणि किंमत मोजून तो परत आणायचा असतो. परंपरेप्रमाणे हे पत्र तुरुंगवासातलं. रोममध्ये पौल दोन वर्षं भाड्याच्या घरात राहिला, पहाऱ्याला एक शिपाई. त्याचा वेळ रोमचा कैदी होता. तरी दाराशी येईल त्याला तो भेटत राहिला. तेवढा वेळ त्याने सोडवून घेतला.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या भोवती दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आणि बायका होत्या. त्यांचं जेवण, आजारपण, शिक्षण, सगळं बघायचं. त्यातच हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. भाषांतर पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. रेव्हरंड टिळकांचं उलट झालं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अर्धवटच होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, साठाहून अधिक अध्याय लिहून. एकीचं काम तिच्या हातून संपलं, दुसऱ्याचं बायकोने चार्ज घेऊन पूर्ण केलं. मी दोघांनाही वेळेशी विश्वासू म्हणेन. संत्री सगळी रात्र जागत नाही, आपली पाळी चोख करून पुढच्याच्या हवाली करतो.

आता ज्यांना विचारायचं त्यांच्याबद्दल. दहा आज्ञांमध्ये विश्रांतीची आज्ञा आहे. आपण ती फक्त स्वतःपुरती वाचतो: रविवारी चर्चला गेलो, झालं. पण त्याच आज्ञेत चाकर, परका, अगदी बैल-गाढवसुद्धा आहेत. अनुवाद या पुस्तकात कारणही दिलंय: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, ते विसरू नका. गुलामाची पहिली खूण हीच, की त्याला स्वतःचा दिवस नसतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे. मी रविवारी भक्तीला गेलो आणि माझ्या सोसायटीच्या गेटवर सातही दिवस तोच माणूस उभा असेल, तर मी माझा वेळ देवाला दिलेला नाही, त्याचा वेळ दिलाय. महिन्याला घरटी थोडे रुपये जास्त देऊन एक बदली माणूस ठेवता येतो. हीच ती किंमत. वेळ सोडवून घेणं म्हणजे हे.

आणि माझ्यासारख्या, निवृत्ती जवळ आलेल्यांसाठी: आपण चाळिशीच्या आसपास बाहेर पडतो, अंगात ताकद असते, ऑफर येतात. नोकरी जरूर करा. पण पेन्शन ही फक्त रक्कम नाही. तिच्या जोरावर आपण आठवड्यातला एक दिवस तरी मागून घेऊ शकतो. ज्याच्यामागे पेन्शन नाही, त्याला ते जमत नाही. सही करण्याआधी साप्ताहिक सुट्टी लिहून मागा. आपण मागितली, तर शेजारी उभ्या असलेल्या बिनपेन्शनच्या पोरालाही मागायची हिंमत येईल.

मला चौदा महिने राहिलेत. दोन ठिकाणांहून विचारणा झाली आहे. दोघांनाही पहिला प्रश्न पगाराचा नाही, सुट्टीचा विचारलाय. एकाचं उत्तर अजून आलेलं नाही.

जय हिंद.