उबेची शेगडी आणि बंद दार

विदर्भातली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. मे महिना सोसायचा म्हणून झरोके ठेवायचे, खिडकीत कूलरची जागा करायची. थंडीचा विचार फारसा कुणी करीत नाही. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते, हे विसरून चालणार नाही. अशी थंडी पडली की कोराडीतही कूलरच्या खिडकीला पुठ्ठा लागतो, झरोक्यात चिंध्या जातात, दार लागते आणि पेटलेली शेगडी खोलीत येते. माझ्या मते हिवाळ्यात सर्दी-खोकल्यापेक्षा या शेगडीलाच अधिक भ्यायला हवे.

‘धूर तर गेला जी, मग भीती कशाची?’ असे मला दवाखान्यात नेहमी विचारतात. भीती धुराची नाहीच. अपुऱ्या हवेत कोळसा, लाकूड किंवा गोवरी जळली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. लालबुंद, बिनधुराच्या निखाऱ्यांतूनही तो निघतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते. मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. खोलीत पाण्याची बादली ठेवल्याने हा वायू कमी होत नाही.

आपल्या गावच्या वीज केंद्रातही कोळसाच जळतो. पण तिथे त्याला भरपूर हवा पुरवतात आणि वर उंच चिमणी असते. आपल्या खोलीत यातले काय असते?

सर्वांत जास्त काळजी मला बाळंतिणीच्या खोलीची वाटते. बाजेखाली शेगडी, वर ओव्याची धुरी आणि दारेखिडक्या बंद! आजीबाईंची माया खरी, पण नाजूक बाळाला ही हवा सोसत नाही. त्याला टोपरे, मोजे घालावेत, आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांना पांघरावे. याहून चांगली ऊब नाही. अंग शेकायचेच असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून आईने वापरावी. मधुमेही वृद्धांच्या पायांना मात्र ती लावू नये. बधिर पायांना चटका कळत नाही.

तेव्हा खोली तापवण्यापेक्षा माणूस झाका. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे बरे. शेगडी अंगणातच पेटवावी, तिथेच शेकावे आणि झोपताना पाणी टाकून विझवावी. झरोका रात्रभर उघडा असू द्यावा. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात बसवू नये. तोही हाच वायू सोडू शकतो. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या वडीलधाऱ्यांनी पहाटेचे फिरणे ऊन पडेपर्यंत लांबवावे.

एकाच खोलीतल्या दोघा-तिघांची डोकी एकदम दुखू लागली तर त्याला थंडी बाधली समजू नका. दारेखिडक्या उघडा, सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जाग आली, बरे वाटले, तरी दवाखाना टाळू नका.

आज रात्री दार लावण्यापूर्वी एकदा बघा, शेगडी कुठे आहे?