झुडपाचे जंगल कोणी केले?

देवरीच्या परिसरातील कोणाही शेतकऱ्यास झुडपी म्हणजे काय असे विचारावे. नांगर न चालणारी, मुरमाड, काटेरी झुडपांची, गावची गुरे जेथे चरतात ती पडीत जमीन, असे उत्तर तो विनासायास देईल. जंगल कोठे आहे असे विचारल्यास तो नवेगाव-नागझिऱ्याकडे बोट दाखवील. त्याच्या बोलीत हे दोन शब्द कधी एक झाले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २२ मे २०२५ रोजी असा निर्णय दिला की, पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगलाची जमीन कायद्याच्या दृष्टीने वनच होय.

यासाठी न्यायालयास दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणी याच न्यायालयाने 'वन' हा शब्द कोशातील, म्हणजे लोकांच्याच अर्थाने घ्यावा असे म्हटले होते. कागदावर वन नाही एवढ्या सबबीखाली उभे रान तोडले जाऊ नये हा त्यातील हेतू आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु सरकारी दप्तरात जी जमीन वन म्हणून नोंदली आहे तीही, मालकी कोणाचीही असो, त्याच आदेशाने वन ठरली. झुडपीच्या वाट्यास लोकांचा अर्थ न येता दप्तराचा आला. जुन्या मध्यप्रांताच्या महसुली कागदांत चराई व निस्तार यांसाठी सोडलेल्या जमिनीस 'झुडपी जंगल' म्हटले गेले, आणि १९५६ साली विदर्भासोबत ते कागदही मुंबई राज्यात आले.

वनाकाठच्या माणसास हा अनुभव नवा नाही. वनस्पतिशास्त्र बांबूस गवत म्हणते. १९२७ च्या वन अधिनियमात तो झाड होता. (तोडलेल्या झाडाचे खोडही त्या व्याख्येप्रमाणे झाडच!) २०१७ च्या दुरुस्तीने बांबू तेथून वगळला जाईपर्यंत नव्वद वर्षे गेली.

येथे मात्र गाठ संसारांशी आहे. या जमिनीवर शासनानेच शाळा, कचेऱ्या, आरोग्यकेंद्रे व घरे होऊ दिली. शासनाच्या हातून जागा घेणाऱ्यास आपण वनात घर बांधीत आहोत हे कसे कळावे? १९९६ च्या आदेशापूर्वी दिलेल्या जमिनी वनाच्या यादीतून काढण्यासाठी राज्याने जिल्हावार एकत्रित प्रस्ताव केंद्राकडे पाठवावेत, असा दिलासा न्यायालयाने दिला आहे. त्यास अट अशी की, वापर बदलता येणार नाही आणि हस्तांतर केवळ वारसाहक्काने होईल. 'माझी जमीन' म्हणजे अडचणीच्या वेळी विकता येणारी जमीन, असे समजून चालणाऱ्या कुटुंबास ही अट किती जाचक होईल, याचा विचार कोणी केला आहे काय? आदेशानंतर दिलेल्या जमिनींची तर कारणेच शासनास सांगावयाची आहेत, आणि तो आदेश मोडून त्या देणारे अधिकारी कारवाईस पात्र आहेत. ती कारवाई खरोखर व्हावी. घरमालकास नोटीस देऊन फाइल मिटविली जाऊ नये.

आमची मागणी अवघड नाही. कोणती जमीन कोणत्या तारखेस कोणास दिली, प्रस्तावात ती आहे की नाही, याची गटक्रमांकासह याद्या देवरीच्या तहसील कचेरीतील कपाटात न ठेवता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात, आणि त्या गावकऱ्यास वाचता येतील अशा मराठीत असाव्यात.