रडू आलं का, हे विचारू नका

गरिबीवरच्या प्रदर्शनाचं यश प्रेक्षकांच्या डोळ्यांतल्या पाण्यावर मोजणं आता बंद करायला हवं.

पुण्यातल्या विद्यार्थ्यांचे असे प्रोजेक्ट मी बरेच पाहिलेत. विषय शेजारची वस्ती. मग दहा बाय दहाची पत्र्याची खोली उभी राहते. मिणमिणता बल्ब, स्पीकरवर खोकल्याचा आवाज, भिंतीवर कृष्णधवल फोटो. युजर टेस्टिंगही रीतसर होतं: वर्गातले मित्र, दोन सर, कुणाचे तरी आईबाबा. फॉर्मवर प्रश्न, 'पाहून काय वाटलं?' उत्तर ठरलेलं, 'अस्वस्थ झालो.' प्रोजेक्ट पास.

मी अशाच वस्तीत वाढलो. म्हणून एका टेस्टिंगला शेजारच्या काकूंना घेऊन गेलो. त्या चार घरची धुणीभांडी करतात. खोलीत शिरल्या, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "एवढी घाण कोण ठेवतं रे? मी दिवसातून दोनदा फरशी पुसते." मग थांबून, "आणि भाडं कुठं लिहिलंय? डिपॉझिट?" फॉर्मवर हे लिहायला जागाच नव्हती.

काकूंनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. गरिबी रोज हिशेबातून जगावी लागते. भाडं किती, पाणी किती वाजता येतं, एक खाडा झाला तर किती कापतात, आजारपणात उसने कुणाकडून आणि किती टक्क्यांनी. हे भिंतीवर लावलं की प्रेक्षकाला विचारावं लागेल, खाडा कापतं कोण? कदाचित तो स्वतःच, किंवा त्याचे आईबाबा. तिथं रडू येत नाही, अडचण होते. खोकल्याचा आवाज त्यापेक्षा सोयीचा.

हिशेब मांडायची परंपरा याच शहरात आहे. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या गरिबीचा अभ्यास मांडला, तो लोकांचा खर्च आणि त्यातून मिळणारे उष्मांक यांच्या आधारावर. पण नुसता आकडाही पुरत नाही. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरातली रेषा सांगितली: माणशी दिवसाला ३२ रुपये. गदारोळ झाला. २०१४ मध्ये रंगराजन समितीने ४७ सुचवले. रेषा सर्वेक्षणातल्या खर्चावरून आखता येते. तेवढ्यात भागतं का, हे मात्र भागवणाऱ्यालाच विचारावं लागतं.

'सहानुभूतीने निदान सुरुवात तरी होते,' असं मला दरवेळी ऐकवलं जातं. होत असेल. पण ती बहुतेकदा बघणाऱ्याच्या मनात सुरू होते आणि तिथंच संपते. काकूंना भरपगारी सुट्टी त्यातून मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पाच टेस्टर घेणार असाल, तर तीन वस्तीतले घ्या. फ्लेक्स छापायच्या आधी, सगळं कागदावर असतानाच. त्यांच्या हातात लाल पेन द्या. नको असलेला फोटो उतरवायचा हक्क त्यांचा. त्या वेळेची मजुरी द्या, कारण तेही कामच आहे. आणि प्रश्न बदला: 'यात खोटं काय आहे?' प्रदर्शन आधी वस्तीच्या समाजमंदिरात लावा. तिथं टिकलं, तरच कॉलेजात आणा.