आधी शीट, मग प्रिंटर

श्रावण सुरू झाला की घरगुती उद्योग करणाऱ्यांच्या वह्यांत दिवाळीच्या ऑर्डरी दिसू लागतात. चकली-चिवड्याची पाकिटे, उटणे, मसाले, लोणची, सुगंधी मेणबत्त्या, आणि यातल्या प्रत्येकावर लेबल हवे. गेल्या वर्षी छापखान्यातून आणलेल्या हजारातली निम्मी लेबले किंमत बदलली किंवा पत्ता बदलला म्हणून कपाटात पडून असतात. मग ‘या खेपेला घरीच छापू’ असे ठरते आणि प्रिंटरची चौकशी सुरू होते. ओळखीतले कोणीतरी ‘टँकवाला घे, स्वस्त पडतो’ म्हणते, दुकानदार ऑफर दाखवतो, खोके घरी येते. गमिंग शीट त्यानंतर शोधली जाते. सगळा घोटाळा या क्रमात आहे.

प्रिंटरच्या दृष्टीने गमिंग शीट, म्हणजेच स्टिकर शीट, हा साधा कागद नव्हेच. वर छापायचा थर, मध्ये गम आणि खाली सिलिकॉन लावलेला लायनर, अशी ती तीन पदरी असते. सुटून येणारी तयार लेबले अमेरिकेत स्टॅन्टन एव्हरी यांनी १९३५मध्ये बाजारात आणली. (त्यांच्या नावाची कंपनी आज पुण्याजवळ रांजणगावलाही लेबलांचा माल बनवते.) रोजचा झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा (चौरस मीटरमागे ग्रॅम). गमिंग शीटचे तिन्ही पदर धरले तर वजन सहज दीडशेच्या पुढे जाते. शिवाय मागची बाजू गुळगुळीत, त्यामुळे रोलरची पकड कमी.

म्हणून प्रिंटर बघताना पहिला प्रश्न शीट कुठून आत जाते आणि कुठून बाहेर येते हा असावा. एप्सनचे एल ३२१० किंवा एल ३२५०, कॅननचे जी २०१० किंवा जी ३०१० यांत कागद मागून उभा लागतो आणि किंचित वाकून पुढे येतो. ब्रदरच्या बऱ्याच टँक प्रिंटरांत तो खालच्या ट्रेमधून उचलला जातो आणि रोलरभोवती उलटा वळून वर येतो. ऑफिसच्या कामाला ही रचना सोयीची, धूळ बसत नाही, जागा वाचते. पण जाड शीट त्या वळणावर ताठरते, कडा उचलल्या जातात. शीट आधीच हाफ कट (लायनर न कापता फक्त वरचा थर कापलेली) असेल तर एखादे लेबल सुटून रोलरला चिकटते आणि मग दुरुस्तीवाल्याला बोलावावे लागते. ब्रदरच्याच काही मॉडेलांत मागून एकेक शीट घालायची फट असते. ती असेल तर हरकत नाही. मागून घालायची सोय असली, तरी शीटांचा गठ्ठा लावू नये. एकेक घालावी.

दुसरा प्रश्न शाईचा, आणि इथे दुकानातली माहिती सर्वांत कमी कामाची. टँक प्रिंटरच्या जाहिरातीत शाई किती पुरते ते मोठ्या अक्षरांत असते. ती डाय आहे की पिगमेंट, हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर शोधावे लागते. डाय शाई पाण्यात विरघळलेला रंग असतो. ती कागदात मुरते, चकचकीत शीटवर खुलून दिसते, पण पाणी लागले की पसरते आणि उन्हात लवकर फिकी पडते. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात. ते वरच्या थरावर बसतात, पाण्याला आणि उजेडाला जास्त टिकतात. एप्सनच्या सहा रंगांच्या एल ८०५० मध्ये सगळी शाई डाय आहे. फोटो आणि रंगीत चित्रांची स्टिकरे त्यावर देखणी येतात, किंमत मात्र साध्या चार रंगांच्या टँक प्रिंटरच्या जवळपास दुप्पट. चारही रंग पिगमेंट हवे असतील तर एप्सनचा एल १५१५० किंवा कॅननची मॅक्सिफाय जीएक्स मालिका पाहावी लागते, आणि तिथे घरगुती बजेट संपते.

चार रंगांच्या कॅनन जी मालिकेत, तसेच एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये, काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे तीन रंग डाय अशी विभागणी आहे. कागदावर हे उत्तम वाटते, कारण बारीक मजकूर काळाच असतो. पण प्रिंट सेटिंगमध्ये ‘ग्लॉसी फोटो पेपर’ निवडला की कॅननच्या या प्रिंटरांत पिगमेंट काळा बाजूला ठेवला जातो आणि काळी अक्षरे तीन रंग मिसळून तयार होतात. घटकपदार्थांची बारीक ओळ त्यामुळे किंचित भुरकट येते आणि ओल लागली की तीही पसरते. मॅट शीट घेतली, सेटिंगही मॅट किंवा साध्या कागदाचे ठेवले, तर तोच प्रिंटर तीच ओळ कुळकुळीत काळी छापतो. पहिल्याच आठवड्यात प्रिंटरला नावे ठेवणाऱ्यांनी आधी हे सेटिंग तपासावे.

शीटच्या बाजूनेही एक सापळा आहे. फ्लेक्सच्या दुकानात व्हिनाइल रोल स्वस्त मिळतो. तो इको-सॉल्व्हंट शाईसाठी बनवलेला असतो. घरच्या प्रिंटरची शाई पाण्याची, ती त्यावर मुरतच नाही, थेंब होऊन बसते आणि दुसऱ्या दिवशीही हाताला लागते. छापखान्यातली क्रोमो गमिंग शीटही ऑफसेट आणि टोनरसाठी असते. पाकिटावर ‘इंकजेट’ असे स्पष्ट लिहिलेली शीटच घ्यावी, मग ती सेल्फ-अ‍ॅढेसिव्ह ग्लॉसी असो, मॅट कागद असो किंवा कोटिंग केलेले व्हिनाइल. पारदर्शक शीटचे आकर्षण अनेकांना असते. घरचे प्रिंटर पांढरा रंग छापत नाहीत, त्यामुळे आंब्याच्या लोणच्याच्या बरणीवर पारदर्शक लेबल लावले की पिवळा-केशरी मजकूर मागच्या तेल-मसाल्यात दिसेनासा होतो. मधाच्या बाटलीचेही तेच.

आता हिशेब. एल ३२५० ला ६५ मिलीच्या बाटल्या लागतात आणि कंपनी रंगीत ७५०० पानांचा आकडा देते. तो आकडा खोटा नाही, पण तो पत्रव्यवहारासारख्या पानांचा आहे, ज्यांवर प्रत्येक रंग पानाचा अगदी थोडा भाग व्यापतो. स्टिकरची शीट कडेपासून कडेपर्यंत रंगवलेली असते. भरगच्च छपाईला चौरस मीटरमागे साधारण १० ते १५ मिली शाई लागते असे धरले, तर एका ए-४ ला, म्हणजे चौरस मीटरच्या सोळाव्या हिश्शाला, ०.६ ते ०.९ मिली. तीन रंगांच्या तीन बाटल्या म्हणजे १९५ मिली. त्यात शीट होतील दोनशे पंधरा-वीस ते सव्वातीनशे. ७५०० कुठे आणि तीनशे कुठे! तरीही कार्ट्रिजवाल्या तीन-चार हजारांच्या प्रिंटरपेक्षा हे कितीतरी परवडते. तिथे तिरंगी कार्ट्रिज साध्या मजकुराच्याच शे-दीडशे पानांत संपते, भरगच्च शीटांचे तर विचारायलाच नको. त्यातही लेबलचा मुख्य रंग लाल असेल तर किरमिजी आणि पिवळा आधी संपतो आणि उरलेल्या निळ्यासकट कार्ट्रिज फेकावे लागते.

खर्च शाईपेक्षा मांडणीत जास्त वाचतो, असे या मासिकाचे मत आहे. गोल लेबलाचा व्यास ५० मिमी ठेवून मध्ये २ मिमी अंतर सोडले, तर ए-४ वर रुंदीत तीनच बसतात, कारण प्रिंटर दोन्ही कडांना सुमारे ३ मिमी जागा सोडतो. एका शीटवर पंधरा. व्यास ४८ मिमी केला की रुंदीत चार, एकूण वीस. बरणीच्या झाकणावर २ मिमीचा फरक गिऱ्हाइकाच्या नजरेतही येत नाही. कटिंग मशीन वापरणाऱ्यांनी मात्र कोपऱ्यातल्या नोंदणी-खुणांची जागा आधी वजा करावी. या खुणा नसल्या की मशीनला कापायचे कुठून ते कळत नाही.

लॅमिनेशनबद्दल थोडे सावध राहायला हवे. कोल्ड लॅमिनेशनची फिल्म वरून लावली की डाय शाईचे लेबलही पाण्याला पुष्कळ टिकते, पण वरूनच. फिल्म लावून मग कापलेल्या कागदी लेबलाची कड उघडी राहते. फ्रिजमधून काढलेल्या कोकम सरबताच्या बाटलीला घाम सुटला की पाणी त्या कडेने आत शिरते आणि कागद फुगतो. बाटली थंड राहणार असेल, तेल सुटणार असेल, तर कागद सोडून व्हिनाइल किंवा सिंथेटिक शीट घ्यावी. कोरड्या पाकिटांना, भाजणीला, उटण्याला, साधी मॅट गमिंग पुरते. प्रत्येक मालाला महागडी शीट वापरणाऱ्यांचा नफा तिथेच जिरतो.

लेझर प्रिंटरचा विचार करावा का? टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी, ती पाण्याने पसरत नाही, बारीक अक्षर स्वच्छ येते. पण ती कागदावर बसवणारा फ्यूजर दोनशे अंशांच्या आसपास तापतो. इंकजेटसाठीचे व्हिनाइल त्यात गेले तर वितळून आतच चिकटते. लेझरसाठीची शीट वेगळी घ्यावी लागते, आणि रंगीत लेझरला एकदम चार टोनर बदलायची वेळ आली की हिशेब कोलमडतो. काळ्या-पांढऱ्या लेबलांपुरता लेझर चांगला. कुरिअरच्या पत्त्यांसाठी २०३ डीपीआयचा थर्मल प्रिंटर त्याहून बरा, शाईच नाही. मात्र त्याची छपाई उष्णतेने आणि उन्हाने उडते, म्हणून महिनोन् महिने दुकानाच्या फळीवर राहणाऱ्या मालावर ती नको.

मोठी संख्या आणि न बदलणारे डिझाइन असेल तर डिजिटल प्रेसलाच काम द्यावे. १३ बाय १९ इंचांची एक शीट ए-४ च्या अडीच पट असते आणि हाफ कट करूनच मिळते. त्या भावाशी घरचा प्रिंटर पाच-सातशे लेबलांच्या पुढे टिकणे अवघड. त्याचे खरे काम छोट्या आणि बदलत्या लॉटचे. बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, किंमत दर खेपेला वेगळी. काही जण छापील लेबलावर तारखेची वेगळी चिठ्ठी चिकटवतात. आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या वजन-मापे नियमांना ते चालत नाही. बंधनकारक माहिती बदलण्यासाठी किंवा देण्यासाठी वरून स्टिकर लावायला मनाई आहे. सूट आहे ती फक्त किंमत कमी करताना, आणि तेव्हाही मूळ किंमत झाकायची नाही. खाद्यपदार्थांवर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थावर चौकटीतला हिरवा ठिपकाही हवा. घरी पूर्ण लेबल दर बॅचला नव्याने छापले की हा प्रश्नच उरत नाही, आणि छोट्या उद्योगाने प्रिंटर घ्यावा याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

टिकाऊपणाचे बोलायचे तर एप्सनचे हेड पिझो पद्धतीचे, शाई न तापवता दाबाने सोडणारे. कॅनन आणि एचपी शाई क्षणभर तापवून बुडबुड्याने फेकतात. पिझो हेड वर्षानुवर्षे चालते, पण तुंबून गेले तर बदलायला महाग. कॅनन-एचपीच्या टँक प्रिंटरांचे हेड बरेचदा घरीच बदलता येते. हेडखेरीज वेस्ट इंक पॅडमुळेही प्रिंटर अडतात. हेड साफ करताना वाहिलेली शाई आत एका पॅडमध्ये साठते, प्रिंटर तिचा हिशेब ठेवतो आणि मर्यादा गाठली की छपाई थांबवून सर्व्हिस मागतो. कॅननच्या जी २०२०, जी ३०२० मध्ये हा भाग वेगळ्या मेंटेनन्स कार्ट्रिजमध्ये असतो आणि मालकालाच बदलता येतो. तालुक्याच्या गावी, जिथून सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर आहे, तिथे ही एक गोष्ट चार चांगल्या वैशिष्ट्यांना भारी पडते.

बाकीची निगा सोपी आहे. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करावा, भिंतीवरचे बटण थेट बंद केले की हेड झाकणीवर जाऊन बसत नाही आणि वाळते. वीज वारंवार जाते तिथे प्रिंटरपुरता छोटा यूपीएस घ्यावा. आठवड्यातून एक रंगीत पान काढावे, मे महिन्यात विदर्भात तर नक्कीच. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात लायनर ओल धरतो आणि शीट केळीच्या पानासारखी वळते. उघडलेले पाकीट हवाबंद पिशवीत आडवे ठेवावे. स्वस्त शाई भरायची असेल तर वॉरंटी संपल्यावर, आणि कापड-मगांवरच्या सब्लिमेशन शाईचा प्रिंटर वेगळाच ठेवावा. एकदा ती भरलेल्या मशीनवर पुन्हा स्टिकर काढायच्या भानगडीत पडू नये.

वापरलेला प्रिंटर स्वस्तात मिळत असेल तर आपल्या दोन शीट आणि लेबलाची फाइल सोबत न्यावी. सर्वांत बारीक मजकूर असलेली शीट आपल्यासमोर छापून घ्यावी, ओल्या बोटाने पुसून पाहावी. मग नोझल चेक, म्हणजे रेघांची चाचणी-जाळी, काढावा. जाळीतली एखादी रेघ तुटलेली दिसली तर हेड क्लीनिंग करून तो पुन्हा काढावा. दोन वेळा साफ करूनही रेघ भरली नाही, तर नव्या हेडचा खर्च वजा करूनच किमतीची बोलणी करावी.