सोयरिकीवर उभे राहिलेले साम्राज्य

मंगोल म्हटले की घोडदळ, धनुष्यबाण आणि जळणारी शहरे आठवतात. पण चंगीझखानाचे राज्य उभे राहिले त्यात सोयरिकींचा वाटा मोठा होता, आणि त्या निभावणाऱ्या बायकांना त्याचे श्रेय कुणी फारसे दिलेले नाही.

तेमुजिन, म्हणजे पुढचा चंगीझखान, नऊ वर्षांचा असताना वडील येसुगेई यांनी त्याचे लग्न ओंगिरात टोळीतल्या बोर्तेशी ठरवले. ती वर्षाने मोठी. आपल्या कुळात मुलगी करायची नाही असा रिवाज होता, त्यामुळे प्रत्येक लग्नाने दोन कुळे बांधली जात. लग्न ठरवून परतताना वाटेत तातार टोळीने येसुगेईला विष घातले आणि घर उघड्यावर आले. तरी बोर्तेच्या वडिलांनी दिलेला शब्द मोडला नाही. लग्नात बोर्तेच्या आईने विहीणबाईंसाठी काळ्या सेबलच्या फरचा अंगरखा आणला. तेमुजिनने तो उचलला आणि वडिलांचा मानलेला भाऊ, केराइतांचा प्रमुख तोग्रुल, याला नेऊन दिला. एका अंगरख्यावर त्याने पाठीराखा मिळवला. पुढे मर्कित टोळीने बोर्तेला पळवून नेले, तेव्हा तोग्रुलची फौज मदतीला धावली.

मर्कितांचा राग जुना होता: तेमुजिनची आई होएलुन हिला येसुगेईने त्यांच्याकडूनच पळवून आणले होते. पुरुषांच्या वैराची किंमत दोन्ही वेळा बायकांनी मोजली, हे विसरून या सोयरिकींचे गोडवे गाता येणार नाहीत.

नंतर तेमुजिनने थोरला मुलगा जोची याच्यासाठी तोग्रुलची मुलगी मागितली. तोग्रुलच्या मुलाने तुच्छतेने नकार दिला. वितुष्ट वाढले, आणि 1203 मध्ये केराइतांचा पाडाव झाला. तोग्रुलची पुतणी सोरघागतानी धाकट्या तोलुईची बायको म्हणून जेत्यांच्या घरात आली.

हरलेल्या घरची ही ख्रिस्ती सून साऱ्यांना पुरून उरली. 1232 मध्ये तोलुई वारला. तोलुईचा भाऊ सम्राट ओगदेई याने तिला आपला मुलगा गुयुक याच्याशी लग्न करायला सुचवले. विधवेने नवऱ्याच्या नात्यातच पुन्हा लग्न करणे तिथे रूढ होते. मला चार मुलगे वाढवायचे आहेत, असे सांगून तिने ते नम्रपणे टाळले. होकार दिला असता तर तोलुईची सारी मालमत्ता ओगदेईच्या घराण्याच्या हाती गेली असती. तिने वाट पाहिली, जोचीचा मुलगा बातू याला आपल्या बाजूला ठेवले, आणि 1251 मध्ये तिचा मोंगके सम्राट झाला. तिसरा मुलगा हुलागू याने 1258 मध्ये बगदाद घेतले, दुसऱ्या कुबलाईने चीनवर राज्य केले.

शाळेच्या पुस्तकात चंगीझखानाला जागा आहे. त्यातल्या चार ओळी सोरघागतानीला मिळायलाच हव्यात.