मधला ट्रॅक

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या! पण होस्टेलवर जागून वेस्ट हॅमच्या मॅचेस बघतो, म्हणून बोलतोच. हा क्लब २०१६ साली ११२ वर्षांचं अप्टन पार्क सोडून लंडनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर गेला. जुन्या मैदानात प्रेक्षक टचलाइनला अगदी खेटून असायचे. इथे मध्ये धावण्याचा ट्रॅक! खुर्च्या पुढे सरकवल्या तरी खेळ लांबच, फॅन्स वैतागणारच.

तुरिनमध्ये १९९० च्या वर्ल्ड कपसाठी बांधलेल्या देल्ले आल्पीतही हीच बोंब होती. युव्हेंटसने ते पाडून २०११ मध्ये त्याच जागी सुमारे ४१ हजार खुर्च्यांचं, ट्रॅक नसलेलं स्टेडियम उभारलं. खुर्च्या घटल्या, पण माणसं खेळाजवळ आली.

आम्हा सिव्हिलवाल्यांना ‘मल्टिपर्पज’ हा गुण म्हणून शिकवतात. सर, रागावू नका, पण मला पटत नाही.